एक बाजार, दोन युरोप

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा, वक्त्याने पाहून दिलेला मजकूर)

या वर्गासाठी मी हा विषय सुचविला तेव्हा एका तरुण साथीने मला विचारले, ‘युरोपातल्या टपालाचे आणि बसगाड्यांचे आपण येथे बसून काय करणार?’ प्रश्न रास्त आहे. परदेशच्या गोष्टी सांगून श्रोत्यांना दिपविण्याची खोड आपल्याकडील वक्त्यांना आहे, आणि मी तिच्यापासून मुक्त आहे असा माझा दावा नाही. परंतु हा विषय निवडण्याचे कारण निराळे आहे. मागासलेल्या प्रदेशांना वर आणावयाचे आणि त्याच वेळी मुक्त बाजारपेठही उभारावयाची, असा दुहेरी संकल्प करून अनेक राष्ट्रांनी मिळून जवळजवळ सत्तर वर्षे चालविलेला प्रयोग म्हणून युरोपकडे पाहावे लागते. या प्रयोगात तेथील समाजवादी पक्षांचा हात मोठा आहे. म्हणून त्याच्या यशाचा आपण जितका अभिमानाने अभ्यास करू, तितक्याच प्रामाणिकपणे त्याच्या अपयशाचाही करावयास हवा. ते अपयश काही अंशी आपल्याच विचारकुळाचे आहे.

रोमची दोन वचने

२५ मार्च १९५७ रोजी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी रोम येथे करारावर सह्या केल्या. या करारात दोन वचने होती. पहिले वचन सर्वांना ठाऊक आहे: माल, माणसे, सेवा आणि भांडवल यांना सरहद्दी आडव्या येणार नाहीत अशी सामाईक बाजारपेठ. दुसरे वचन उद्देशिकेत होते. प्रदेशाप्रदेशांतील अंतर आणि मागे पडलेल्या भागांचे मागासलेपण कमी करून सर्वांचा सुसंवादी विकास साधावयाचा, असे तेथे म्हटले होते. पहिल्या वचनासाठी कलमांवर कलमे, कालमर्यादा आणि न्यायालय होते. दुसऱ्यासाठी एक वाक्य होते, आणि १९५८ मध्ये सुरू झालेली एक युरोपीय गुंतवणूक बँक.

सार्वजनिक सेवांविषयी करारात नव्वदावे कलम होते. सार्वजनिक हिताची आर्थिक सेवा ज्यांच्याकडे सोपविली आहे अशा संस्थांनाही स्पर्धेचे नियम लागू राहतील, मात्र त्या नियमांमुळे त्यांना सोपविलेले कार्य अडता कामा नये, असा त्याचा आशय. कोणत्या राष्ट्रात मालमत्ता सरकारी असावी आणि कोणत्या राष्ट्रात खाजगी, यात करार ढवळाढवळ करणार नाही, असेही दुसरे एक कलम, २२२ वे, सांगत होते. ही दोन्ही कलमे आपण ध्यानात ठेवू; पुढे त्यांचे काम पडणार आहे.

उद्देशिकेतील ते वाक्य इटलीच्या दक्षिण भागाच्या चिंतेतून आले होते. उत्तरेत मिलान, तुरिन यांसारखी उद्योगनगरे आणि दक्षिणेत दारिद्र्य, मलेरियाने ग्रासलेली जमीन व स्थलांतर, अशी इटलीची दोन शकले होती. १९५० मध्ये इटालियन सरकारने दक्षिणेसाठी ‘कास्सा’ या नावाने ओळखला जाणारा खास निधी स्थापन केला. त्याने प्रथम पाणीपुरवठा, रस्ते, पाटबंधारे यांची कामे केली, आणि ती पुष्कळ अंशी चांगली केली. १९५७ नंतर भर अवजड उद्योगांवर गेला. सरकारी उद्योगसमूहांनी नव्या गुंतवणुकीचा साठ टक्के भाग दक्षिणेत केला पाहिजे असा कायदा झाला. टारांटोचा प्रचंड पोलाद कारखाना १९६५ मध्ये सुरू झाला तो याच धोरणातून. परंतु अशा कारखान्यांभोवती छोटे उद्योग, शाळा, कार्यक्षम नगरपालिका यांचे जाळे विणले गेले नाही. इटलीत या कारखान्यांना वाळवंटातली कॅथीड्रले म्हणू लागले. निधी हळूहळू राजकीय वशिल्याचे कुरण बनला आणि १९८४ मध्ये त्याचे विसर्जन झाले. लक्षावधी दक्षिणी माणसे या काळात तुरिनला, मिलानला, जर्मनीला गेली.

यातील एक धडा आपण आताच बाजूला काढून ठेवू. पाणी आले, रस्ता आला, मलेरिया गेला; जेथे सेवा पोहोचली तेथे जीवन पालटले. जेथे केवळ भांडवल पोहोचले तेथे चिमण्या उभ्या राहिल्या आणि भोवतालचा समाज होता तेथेच राहिला.

निधीची जन्मकथा

प्रादेशिक विकासासाठी युरोपचा स्वतःचा निधी अवतरला तो १९७५ मध्ये, म्हणजे करारानंतर तब्बल अठरा वर्षांनी. १९७३ मध्ये ब्रिटन, आयर्लंड व डेन्मार्क हे देश समुदायात आले. समुदायाच्या अंदाजपत्रकाचा फार मोठा भाग शेतीच्या आधारभावांवर खर्च होत असे. ब्रिटनची शेती लहान. तेव्हा त्याच्या वाट्याला देणे अधिक आणि घेणे कमी येणार हे उघड होते. कोळसा, पोलाद, कापड यांचे जुने उद्योग मोडकळीस आलेले ब्रिटिश प्रदेश मात्र पुष्कळ होते. त्यांना काही मिळावे हा हिशेब निधीमागे होता. पहिल्या तीन वर्षांसाठी १३० कोटी हिशेबी एककांची तरतूद झाली आणि तिची वाटणी राष्ट्रवार ठरली: इटलीला चाळीस टक्के, ब्रिटनला अठ्ठावीस, फ्रान्सला पंधरा, आणि उरलेले इतरांत. ध्येयवादाने सुरू झालेली चर्चा वाटपाच्या कोष्टकावर येऊन थांबली. शिवाय राष्ट्रीय सरकारे युक्ती अशी करीत की युरोपचे पैसे आले की तेवढाच आपला खर्च कमी करावयाचा. मागास प्रदेशाच्या पदरी जादा काहीच पडत नसे.

या परिस्थितीत खरा पालट घडविला तो जाक देलोर यांनी. ते फ्रेंच समाजवादी पक्षाचे. मितराँ यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री राहून १९८५ मध्ये युरोपीय आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९९५ पर्यंत त्या पदावर राहिले. १९९२ च्या अखेरीपर्यंत खरीखुरी एकसंध बाजारपेठ उभी करावयाची हा त्यांचा कार्यक्रम होता. त्याच वेळी १९८१ मध्ये ग्रीस आणि १९८६ मध्ये स्पेन व पोर्तुगाल हे तुलनेने गरीब देश आत आले होते. मोकळ्या बाजारपेठेत भांडवल आणि कुशल माणसे मध्यभागाकडे, म्हणजे लंडन, पॅरिस, मिलान आणि ऱ्हाईनकाठच्या सधन पट्ट्याकडे ओढली जातील आणि कडेचे प्रदेश ओस पडतील, ही भीती देलोर यांना खरी वाटत होती. म्हणून बाजारपेठेची किंमत म्हणून त्यांनी प्रादेशिक समतेची मागणी केली. १९८७ मध्ये अमलात आलेल्या एकल युरोपीय कायद्याने ‘आर्थिक व सामाजिक एकजूट’ हे उद्दिष्ट करारात स्वतंत्रपणे घातले. १९८८ मध्ये निधीची रचना बदलली आणि १९९३ पर्यंत रक्कम दुप्पट करण्याचे ठरले. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पादन समुदायाच्या सरासरीच्या पंचाहत्तर टक्क्यांहून कमी, त्याला अग्रक्रम. एकेका पुलाला किंवा इमारतीला पैसे देण्याऐवजी अनेक वर्षांचा कार्यक्रम. राष्ट्रीय सरकारबरोबर प्रादेशिक व स्थानिक संस्थांचीही भागीदारी. आणि युरोपचा पैसा हा सरकारच्या खर्चात भर म्हणून वापरावयाचा, त्याच्याऐवजी नव्हे, हा दंडक.

मित्रहो, याला मी समाजवादी मुत्सद्देगिरीचा एक उत्तम नमुना मानतो. त्याची फळेही दिसली. स्पेनचे व पोर्तुगालचे रस्ते, आयर्लंडमधील प्रशिक्षणसंस्था यांत या निधीचा हात होता. १९८० च्या दशकात आयर्लंडचे दरडोई उत्पादन समुदायाच्या सरासरीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास होते. शतक संपेपर्यंत ते सरासरीच्या पुढे गेले. त्या आकड्यात परदेशी कंपन्यांच्या नफ्याचा फुगवटा आहे हे मान्य करूनही बदल खराच होता. आजही ही व्यवस्था लहान नाही. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी या एकजूट धोरणाला सुमारे ३९,२०० कोटी युरो राखून ठेवले गेले; संघाच्या अंदाजपत्रकाचा तो जवळजवळ तिसरा हिस्सा आहे.

मग बिघडले कोठे?

एका पोस्टकार्डाचे अर्थशास्त्र

बिघडले ते दुसऱ्या हाताने. एक हात निधी देत होता, त्याच वेळी दुसरा हात ज्या सेवांवर प्रादेशिक समता उभी असते त्या सेवांचा पाया उकरीत होता. हे समजण्यासाठी आपण पोस्टकार्डाकडे पाहू.

पॅरिसमध्ये पॅरिसचेच पत्र पोहोचविण्याचा खर्च थोडा. डोंगरातल्या वस्तीवर तेच पत्र पोहोचविण्याचा खर्च कितीतरी पट. परंतु तिकीट एकच. याचा अर्थ असा की प्रत्येक शहरी पत्र डोंगरातल्या पत्राचा थोडासा खर्च उचलते. त्यासाठी संसदेत भाषणे करावी लागत नाहीत, अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही. फायद्याच्या मार्गाने तोट्याचा मार्ग पोसावयाचा, ही सार्वजनिक सेवेची रीत आहे. वीज, रेल्वे, तारायंत्र, दूरध्वनी, सर्वत्र हीच रीत होती. प्रादेशिक विकासाचा हा अबोल निधी कोणत्याही घोषित निधीपेक्षा जुना आणि भरवशाचा होता.

आता समजा एक खाजगी कंपनी पुढे आली आणि म्हणाली, ‘आम्ही फक्त शहरातली पत्रे घेऊ, आणि स्वस्तात पोहोचवू.’ ती दुधावरची मलई उचलते. डोंगरातले ताक सरकारी टपालखात्याकडे राहते. १९९३ मध्ये बेल्जियममधील लिएज शहरच्या एका प्रकरणात हाच प्रश्न लक्झेंबर्गच्या न्यायालयापुढे आला. तेथील एका खाजगी व्यावसायिकाने टपालखात्याची मक्तेदारी मोडून पत्रे पोहोचविण्यास प्रारंभ केला होता. न्यायालयाने नव्वदाव्या कलमाचा आधार घेऊन सांगितले, की तोट्याच्या भागाला फायद्याच्या भागाने आधार देता यावा यासाठी आवश्यक तेवढी मक्तेदारी योग्य आहे. परंतु त्यापलीकडच्या, निराळ्या स्वरूपाच्या सेवांवर ती लादता येणार नाही. निकालात तत्त्व आपल्या बाजूचे होते. मात्र ‘आवश्यक तेवढी’ हे दोन शब्द म्हणजे पाचर होती, आणि पुढची वीस वर्षे ती पाचर आत ठोकली गेली.

१९९७ च्या आदेशाने सार्वत्रिक सेवेचे बंधन ठरविले: आठवड्यातून किमान पाच दिवस टपाल गोळा झाले पाहिजे व घरी पोहोचले पाहिजे. त्यासाठी ३५० ग्रॅमपर्यंतची पत्रे राखीव ठेवता येत. २००३ मध्ये ही मर्यादा १०० ग्रॅम झाली, २००६ मध्ये ५० ग्रॅम झाली, आणि बहुतेक राष्ट्रांत २०१० च्या अखेरीपर्यंत, उरलेल्यांत आणखी दोन वर्षांनी, राखीव क्षेत्रच संपले. बंधन राहिले, ते पाळण्याचे साधन गेले. दूरध्वनी १९९८ च्या प्रारंभी खुला झाला. विजेचा बाजार १९९६ च्या आणि वायूचा १९९८ च्या आदेशाने उघडू लागला. रेल्वेत १९९१ च्या आदेशाने रूळ आणि गाड्या यांचे हिशेब वेगळे केले.

येथे विरुद्ध पक्षाची बाजू मांडली नाही तर मी तुमच्याशी अप्रामाणिक ठरेन. जुन्या मक्तेदाऱ्या काही रामराज्य नव्हत्या. दूरध्वनीसाठी ताटकळणारी माणसे, मिजासखोर खाती, राजकीय भरती हे सर्व युरोपातही होते. दूरध्वनीचे दर स्पर्धेने उतरले हे खरे आहे. पत्रे कमी झाली ती मुख्यतः संगणकामुळे हेही खरे. डेन्मार्कमध्ये शतकाच्या प्रारंभापासून पत्रांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. परंतु त्यावर उपाय कोणता योजिला गेला पाहा. २०२४ पासून त्या देशाने टपालाच्या सार्वत्रिक सेवेचे बंधनच काढून टाकले, आणि २०२५ च्या अखेरीस डॅनिश व स्वीडिश सरकारांच्या मालकीच्या टपालकंपनीने डेन्मार्कमधील पत्रवाटप थांबविले. १६२४ मध्ये सुरू झालेली परंपरा चारशे वर्षांनी संपली. पत्रे आता एक खाजगी कंपनी वाटते. संगणक न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे काय, या प्रश्नाला बाजाराच्या कोष्टकात रकाना नाही.

श्टेंडाल जिल्ह्याची बस

दुसरे उदाहरण बसचे. पूर्व जर्मनीत सॅक्सनी-अनहाल्ट राज्यात श्टेंडाल नावाचा विरळ वस्तीचा जिल्हा आहे. तेथील एका लहान बसकंपनीला प्रवासी वाहतुकीचे परवाने व तूट भरून काढण्यासाठी अनुदान मिळत होते. प्रतिस्पर्धी कंपनीने आव्हान दिले. प्रकरण जर्मनीच्या न्यायालयातून लक्झेंबर्गला गेले आणि २४ जुलै २००३ रोजी निकाल लागला. प्रश्न असा होता की खेड्यातली बस चालू राहावी म्हणून जिल्ह्याने दिलेला पैसा हा राष्ट्राराष्ट्रांतील व्यापारात ढवळाढवळ करणारे सरकारी साह्य ठरतो काय? न्यायालयाने म्हटले, ठरू शकतो. सेवा अगदी स्थानिक असली तरीही. तो ठरू नये यासाठी चार अटी पाळाव्यात. सेवेचे बंधन स्पष्ट असावे. भरपाई कशी मोजावयाची ते आधी ठरलेले असावे. खर्च व रास्त नफा यांहून अधिक दिले जाऊ नये. आणि संस्था निविदेने निवडलेली असावी, अथवा एखाद्या सुव्यवस्थित कंपनीला जो खर्च येईल तेवढाच धरावा.

यातील पहिल्या तीन अटींवर माझा आक्षेप नाही. किंबहुना सार्वजनिक पैशाचा हिशेब असा स्वच्छ असावा हे आपणच अधिक आग्रहाने म्हटले पाहिजे. सरकारी कंत्राट म्हणजे सग्यासोयऱ्यांचे कल्याण हा अनुभव कोणाला नाही? माझा आक्षेप आहे तो प्रश्न विचारण्याच्या दिशेवर. गावकऱ्याला दवाखान्यात जाण्यासाठी बस मिळते की नाही हा मूळ प्रश्न. तो मागे पडला, आणि या बसमुळे दुसऱ्या कोणाच्या व्यापाराला धक्का लागतो काय हा प्रश्न पुढे आला. सेवा हा नियम आणि बाजार हा अपवाद असावयास हवा होता. तेथे बाजार नियम झाला आणि सेवेला प्रत्येक वेळी आपण अपवाद का आहोत याचा जबाब द्यावा लागला. पुढे लहान रकमांना आयोगाने सूट दिली, परंतु जबाब देण्याची पाळी कोणावर हे बदलले नाही.

कागदोपत्री तर उलट प्रवास चालला होता. १९९७ च्या ॲमस्टरडॅम करारात सोळावे कलम घालून, सामाजिक व प्रादेशिक एकजुटीत सार्वजनिक सेवांचे स्थान मान्य केले गेले. २००९ मध्ये अमलात आलेल्या लिस्बन कराराने त्यांच्यासाठी स्वतंत्र परिशिष्ट जोडले आणि ‘प्रादेशिक एकजूट’ हा शब्द आर्थिक व सामाजिक एकजुटीच्या शेजारी बसविला. शब्द वाढत गेले आणि गाड्या कमी होत गेल्या, असे थोडक्यात म्हणता येईल.

मालकीविषयी तटस्थ राहण्याच्या त्या कलमाचे काय झाले? कायद्याने खाजगीकरणाची सक्ती ब्रुसेल्सने केली नाही. ते बहुतेक ठिकाणी राष्ट्रीय सरकारांनीच केले, आणि त्यांत समाजवादी सरकारेही होती. आपली जबाबदारी आयोगावर ढकलणे हा सर्वांना सोयीचा मार्ग होता. परंतु २०१० नंतरच्या कर्जसंकटात ही तटस्थताही व्यवहारात संपली. ग्रीसला कर्ज देताना सार्वजनिक मालमत्ता विकण्याची अट घातली गेली. चौदा प्रादेशिक विमानतळ चाळीस वर्षांसाठी एका जर्मन कंपनीच्या नेतृत्वाखालील गटाकडे गेले. त्याचा करार २०१५ मध्ये झाला. रेल्वेगाड्या चालविणारी सरकारी कंपनी २०१७ मध्ये साडेचार कोटी युरोंना विकली गेली, आणि घेणारी कोण, तर इटलीची सरकारी रेल्वे! रूळ व सिग्नल ग्रीक सरकारकडे राहिले. २८ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री टेंपी येथे प्रवासी गाडी व मालगाडी एकाच रुळावर समोरासमोर आदळल्या. सत्तावन्न माणसे मेली, त्यांत विद्यार्थी पुष्कळ. स्टेशनमास्तरची चूक झाली हे खरे. पण ती चूक पकडणारी यंत्रणा तेथे चालू नव्हती. सिग्नल व दूरनियंत्रण सुधारण्याचे कंत्राट २०१४ मध्येच, युरोपीय निधीच्या साह्याने, दिले गेले होते. ते नऊ वर्षांनीही अपुरे होते.

हा अपघात केवळ खाजगीकरणाने झाला असे मी म्हणणार नाही. सिग्नल सरकारचेच होते. मी एवढेच म्हणतो, की निधी होता, कंत्राट होते, कायदे होते, वेगवेगळे हिशेब होते. परंतु संपूर्ण सेवेची जबाबदारी घेणारी, पुरेशा माणसांची, धड अशी एक संस्था उरली नव्हती. पैसा आला तरी तो घेऊन काम करणारे हात कापलेले होते.

लोकांचा जबाब

याचे राजकीय फळ काय मिळाले? वेल्समधील एब्बू व्हेल हे पोलादाचे गाव. कारखाना २००२ मध्ये बंद झाला. वेल्सचा पश्चिमेकडील भाग व खोरी यांना २००० पासून एकामागून एक तीन आवर्तनांत युरोपीय निधीचा सर्वांत मोठा अग्रक्रम मिळाला; रस्ते झाले, महाविद्यालय झाले. तरी २०१६ च्या सार्वमतात त्या परिसराने, ब्लायनाउ ग्वेंट परगण्याने, बासष्ट टक्के मते युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने दिली. पुष्कळांनी याला कृतघ्नता म्हटले. मला तसे वाटत नाही. माणूस फलकावरच्या निधीच्या आकड्याने आपले जीवन मोजीत नाही. मुलाला नोकरी आहे काय, संध्याकाळची बस येते काय, दवाखाना किती दूर गेला, यावरून तो मोजतो. सर्वांत गरीब प्रदेशांपेक्षा दीर्घकाळ घसरत आलेल्या प्रदेशांत युरोपविरोधी मतदान अधिक होते, असे अभ्यासकांनीही पुढे दाखवून दिले. २०१८ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये पिवळे जॅकेट घातलेली माणसे रस्त्यावर आली. निमित्त इंधनावरील कराचे होते. परंतु जेथे रेल्वे बंद, पोस्ट बंद, आणि मोटारीवाचून गत्यंतर नाही, तेथे इंधनावरचा कर हा जगण्यावरचा कर होतो.

अशा संतापाचा लाभ समाजवाद्यांना झाला नाही. तो उजव्या, परकीयद्वेष्ट्या पक्षांनी उचलला. २००५ मध्ये फ्रान्सने सार्वमतात युरोपीय घटना फेटाळली, तेव्हा सेवांच्या बाजारपेठेसंबंधीचा आयोगाचा मसुदा गाजत होता. एका देशाच्या कंपनीने दुसऱ्या देशात काम करताना मायदेशचेच नियम पाळावेत, असे त्यात सुचविले होते. कामगारांनी त्याला विरोध केला तो योग्यच होता, आणि २००६ मध्ये ते तत्त्व वगळावे लागले. परंतु त्या वादात पोलंडहून येणाऱ्या गरीब प्लंबरला खलनायक करण्यात आले. लढा नियमाशी होता, तो माणसाशी वळविला गेला. हा घसरडा उतार आपण ओळखला पाहिजे.

तथापि सर्व चित्र काळे नाही. पॅरिसने २०१० मध्ये पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडून परत नगरपालिकेकडे घेतला. जून २०११ मध्ये इटलीच्या जनतेने सार्वमतात पंचाण्णव टक्के मतांनी पाण्यावरील नफ्याच्या तरतुदी रद्द केल्या. पाणी हा हक्क आहे, या मागणीवर २०१३ मध्ये युरोपभर सोळा लाखांहून अधिक वैध सह्या गोळा झाल्या; दहा लाखांची मर्यादा ओलांडणारी ती पहिली नागरिक-मागणी. परिणामी सवलत-कंत्राटांच्या आदेशातून पाणी वगळले गेले. ही कामे कामगारसंघटना, नगरसेवक आणि साधे नागरिक यांनी एकत्र येऊन केली.

मोजमाप बदला

सर्वांत मोलाचे उदाहरण मी शेवटी ठेवले आहे. पुन्हा इटलीचेच. अर्थतज्ज्ञ फाब्रित्सियो बार्का २०११ ते २०१३ या काळात प्रादेशिक एकजुटीचे मंत्री होते. त्यांच्या पुढाकाराने ‘आतल्या भागां’साठी राष्ट्रीय धोरण आखले गेले. त्याची मोजपट्टी पाहा. दरडोई उत्पन्न किती, असे त्याने विचारले नाही. माध्यमिक शाळा, तातडीच्या उपचाराची सोय असलेले रुग्णालय आणि रेल्वेस्थानक ही तिन्ही जेथे आहेत अशा केंद्रापासून गाव किती मिनिटे दूर, असे विचारले. वीस मिनिटे, चाळीस मिनिटे, पंचाहत्तर मिनिटे अशा पायऱ्या केल्या. त्यावरून दिसले की देशाचा सुमारे साठ टक्के भूभाग आणि जवळजवळ पावपट लोकसंख्या या सेवांपासून दूर आहे, आणि ती केवळ दक्षिणेत नाही, आल्प्सच्या व अपेनाइन्सच्या कुशीतही आहे. मग निधीबरोबर अट अशी, की शाळा, दवाखाना, वाहतूक ही नित्याची कामे राज्याने आपल्या नेहमीच्या तिजोरीतून सुधारावीत, आणि त्याच्या जोडीने युरोपचा पैसा उपजीविकेच्या योजनांना लावावा. म्हणजे दोन्ही हात प्रथमच एकत्र आले.

आपल्याला ही मोजपट्टी अगदी परकी वाटू नये. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्राचा प्रादेशिक अनुशेष मोजला तो रस्ते, पाटबंधारे, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणी अशा सेवांच्या रूपात, राज्याच्या सरासरीशी तुलना करून. आणि तो सुमारे ३,१८६ कोटी रुपये भरला. ‘अनुशेष’ हा आपला शब्द त्या दृष्टीने ‘मागास’ या शब्दाहून श्रेष्ठ आहे. मागास म्हटले की दोष त्या प्रदेशाचा. अनुशेष म्हटले की देणे राज्याचे. मात्र मोजणे आणि देणे यांत किती अंतर असते हे मी तुम्हाला सांगावयास नको.

इटलीतही ते अंतर दिसले. योजना आल्या, पैसा सावकाश आला, आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी आराखड्यात काही गावांची घसरण आता परतविता येणार नाही, तेव्हा तिला केवळ साथ द्यावी, अशा आशयाची भाषा आली. त्यावर त्या देशात मोठी टीका झाली, आणि ती योग्यच होती. ज्या गावातून शाळा व दवाखाना काढून घेतला, त्या गावाला ‘तुझे आयुष्य संपले’ असे सांगण्याचा अधिकार सरकारला कोठून आला?

आज युरोप पुन्हा वळणावर उभा आहे. इटलीचे माजी पंतप्रधान एन्रिको लेत्ता यांनी एप्रिल २०२४ मधील आपल्या अहवालात, माणसाला हिंडण्याच्या स्वातंत्र्याइतकेच आपल्या गावी राहण्याचे स्वातंत्र्यही असावे, आणि त्यासाठी सार्वजनिक सेवा जवळ असाव्यात, हा विचार मांडला. उलट जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८ नंतरच्या अंदाजपत्रकाचा जो प्रस्ताव मांडला, त्यात शेतीचा व प्रदेशांचा निधी एकत्र करून प्रत्येक राष्ट्रासाठी एकच योजना करण्याचे सुचविले. प्रदेशांच्या प्रतिनिधींनी त्याला विरोध केला. कारण देलोर यांनी प्रादेशिक संस्थांना मिळवून दिलेली भागीदारी पुन्हा राजधान्यांच्या हाती जाईल, ही त्यांची भीती आहे. १९७५ च्या वाटणीच्या कोष्टकाकडे हा प्रवास उलटा तर जाणार नाही ना?

साथींनो, या साऱ्यातून कार्यकर्त्याने काय घ्यावे? तीन गोष्टी.

पहिली, प्रादेशिक समतेची मागणी निधीच्या भाषेत करून थांबू नका. कोटींचा आकडा जाहीर झाला की आपण विजय मानतो. आकड्याबरोबर विचारा: बस किती वाजता, डॉक्टर कोणत्या वारी, आणि हे चालविणारी माणसे पगारावर आहेत की कंत्राटावर?

दुसरी, फायद्याच्या मार्गाने तोट्याचा मार्ग पोसणे ही लबाडी नाही, ती बंधुतेची हिशेबी बाजू आहे. तिची लाज बाळगू नका. फायद्याचा भाग आधी विकावयाचा आणि मग उरलेल्याचा तोटा दाखवून तेही मोडीत काढावयाचे, हा क्रम जेथे दिसेल तेथे पहिल्याच पायरीला अडवा. तिसऱ्या पायरीला फार उशीर झालेला असतो.

तिसरी, जी सार्वजनिक सेवा लोकांना हिशेब देत नाही तिचे रक्षण करावयास लोक येत नाहीत. युरोपातील मक्तेदाऱ्या सहज कोसळल्या याचे एक कारण हे की ग्राहक त्यांच्यावर रुसलेले होते. पॅरिसच्या पाण्यासाठी माणसे उभी राहिली, कारण नळाचा मालक कोण हा प्रश्न त्यांना आपला वाटला. तेव्हा सेवेचा कारभार सुधारण्यासाठी झगडणे हे तिच्या रक्षणाचेच काम आहे, आणि ते संकट दारात येण्यापूर्वी करावयाचे आहे.

ज्या तरुण साथीने मला तो प्रश्न विचारला, तो परवा आपल्या गावाहून येथे येताना दोन ठिकाणी बस बदलून, आणि शेवटचे सहा किलोमीटर कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आला. त्याला मी एवढेच सांगेन, की श्टेंडाल जिल्ह्यातल्या बसथांब्यावर उभा असलेला माणूस तुझ्याइतकाच वेळ वाट पाहत असेल. त्याला आणि तुला जे देणे लागते ते मागण्याची भाषा आपण दोघांनी मिळून शिकावयाची आहे.